बियाचं भात

मी ज्या संस्थेत काम करते तिचं काम लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं आहे. एका बाजूला पुण्या-मुंबईच्या कंपन्या. त्यांना दरवर्षी कुठेतरी समाजकार्य करून दाखवावं लागतं. दुसऱ्या बाजूला अकोले तालुक्यातल्या डोंगरकडेच्या आदिवासी वाड्या. त्यांना घराजवळ काम हवं असतं. या दोघांची गाठ घालून द्यायची, एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजावून सांगायचं आणि बिनसलं की दोघांची बोलणी खायची, हा माझा पगारी उद्योग. मध्यस्थाला लग्नात जेवण तरी मिळतं.

मी मूळची शेवगावकडची. जिल्हा एकच, पण आमच्याकडची माणसं पावसाची वाट बघत म्हातारी होतात आणि इथे घाटमाथ्याला चार महिने छत्री मिटत नाही. भात मी ताटात पाहिला होता, शेतात नाही. त्यातून आमचं घर बौद्ध. आजोबांनी देव सोडले ते सोडलेच. घरात देव्हारा नाही, नवस नाही, अंगारा-धुपारा नाही. वडील शिक्षक होते. 'का' विचारल्याशिवाय ते पोरांना पाणीसुद्धा पिऊ देत नाहीत, असं आई वैतागून म्हणायची. त्यामुळे वाड्यांमधल्या रीतींकडे मी आदराने बघायचे खरी, पण तो आदर नोकरीतला होता. मनातून वाटायचं, शिकल्या-सवरल्यावर हे सगळं आपोआप सुटेल.

ज्या वाडीबद्दल सांगते आहे ती महादेव कोळ्यांची, वीस-बावीस घरांची. तिथल्या अकरा बायकांचा आम्ही बचत गट केला होता. गटाच्या अध्यक्षबाई साठी ओलांडलेल्या. मी त्यांना मावशी म्हणायचे, त्या मला ताई म्हणायच्या. कागदावर अंगठा उठवायच्या, पण तोंड उघडलं की तलाठ्याचीही बोलती बंद व्हायची.

या अकरा घरांत एक भात पिकायचं. बुटकं, कुसळाला काळपट झाक असलेलं. त्याला नावसुद्धा नव्हतं. सगळे 'घरचं' म्हणायचे, बस. बाकी डोंगरभर दुकानातलं सुधारित बियाणं येऊन बसलं होतं. हे मात्र या बायकांनी आपल्या खाण्यापुरतं, एकेका खाचरात धरून ठेवलं होतं. शिजायला लागलं की चार घरांपलीकडे वास जायचा.

पुण्याच्या एका कंपनीच्या मॅडम पहिल्यांदा वाडीत आल्या तेव्हा मावशींच्या ओसरीवर त्या हा भात दोनदा मागून जेवल्या. तरुण, हसऱ्या, मनापासून काम करणाऱ्या बाई होत्या त्या. त्यांना वाईट ठरवलं तर माझं सोपं होईल, पण तसं ते नव्हतं. महिन्याभरात त्यांनी योजना मंजूर करून आणली. कंपनी दिवाळीला आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांना भेटीचे खोके देते. त्यात यंदा अर्ध्या अर्ध्या किलोचं हे तांदळाचं पाकीट, हातसडीचं, वाडीतल्या बायकांच्या फोटोसकट. दीडशे खोके. ही नुसती चाचणी. ती नीट पार पडली की तीन वर्षांचा करार, वाडीत पत्र्याची शेड, आणि सडण्या-निवडण्याचं, पाकिटं भरण्याचं काम बायकांना घरच्या घरी.

हे घरच्या घरी काम म्हणजे काय, ते सांगायला हवं. दिवाळी सरली की वाडीतली तरणी माणसं पिकअपमध्ये बसून नारायणगावकडे जातात, टोमॅटो नि कांद्याच्या मजुरीला. होळीपर्यंत तिकडेच. मावशींची सून जायची, तिच्याबरोबर तिची आठ वर्षांची मुलगी जायची. मुलीचं नाव शाळेत आणि मुलगी नारायणगावात. पोरगी हुशार होती. सुनेला एवढंच हवं होतं की यंदा तरी तिची शाळा मध्येच सुटू नये. चाचणीचा कागद वाचून दाखवला तेव्हा तीच सगळ्यांत आधी पुढे झाली आणि तिने सही केली.

कागदावर 'पार्टनर' असा शब्द होता. मावशींनी विचारलं, "पार्टनर म्हंजी काय वं ताई?"

मी सांगितलं, "भागीदार. दोघांनी मिळून करायचं. त्यांचं थोडं, तुमचं थोडं."

"म्हंजी वाटेकरी," मावशी म्हणाल्या. "मंग बरंय. वाटेकरी आला म्हंजी पाऊसपानी बी वाट्यानं आलं."

बायका हसल्या, मीही हसले. मॅडमना मराठी येत होती, तरी काय हसताय ते त्यांना मलाच समजावून सांगावं लागलं. त्याही हसल्या.

ही गोष्ट आषाढातली. तेव्हा मी बायकांना एक प्रश्न विचारला होता, आणि तो कसा विचारला हे मला अजून आठवतं. "दसऱ्याच्या पुढेमागे तुमचं हे भात पिकतं ना?" त्या म्हणाल्या, "पिकतंय की." मी वहीत लिहिलं, 'दसरा'. मॅडमना कळवलं. कंपनीने दिवाळीच्या आधी पंधरा दिवस माल हवा म्हणून तारीख ठरवली. पिकल्यावर कापता कधी, हे विचारायचं मला सुचलंच नाही. ज्वारीच्या मुलखातल्या बाईला कशाला सुचेल? पिकलं की कापतात, आमच्याकडे तरी.

भाद्रपदात मॅडमनी माल तपासणाऱ्या एका साहेबांना पाठवलं. त्यांनी मुसळाने सडलेला नमुना तळहातावर घेतला आणि तोंड वाकडं केलं. उखळात सडलेल्या तांदळात सालीसकट राहिलेला दाणा हमखास असतो. घरी जेवताना तो दाताखाली आला तर माणूस बाजूला काढतो आणि पुढे जेवतो. साहेब म्हणाले, आमच्या खोक्यात असा एकही दाणा चालणार नाही. मग मी बायकांची शाळा घेतली. पांढऱ्या कापडावर तांदूळ पसरून, चार-चार जणींच्या ओळी करून, एकेक दाणा वेचायला शिकवलं. मावशी म्हणाल्या, "ताई, येवढं तर आमी नवऱ्याच्या डोक्यातलं बी वेचलं न्हाई." पण वेचलं त्यांनी. सुनेची नजर तर अशी की तिच्यापुढून गेलेल्या सुपात साल शोधून सापडत नसे. मला फार अभिमान वाटला तेव्हा. कसला वाटला कोण जाणे.

दसरा दहा-बारा दिवसांवर आला. खाचरं पिवळी धमक झाली. मी वाडीत गेले तर एकाही खाचरात विळा पडलेला नाही. मी मावशींना विचारलं, कापणी कधी?

"वाघबारस झाली म्हंजी."

वाडीच्या वर, जंगल सुरू होतं तिथे वाघोबा आहे. शेंदूर फासलेला दगड, त्यावर वाघ कोरलेला, वरती चंद्र-सूर्य. दिवाळीच्या पहिल्या दिवशी, वसुबारसेला, गुराखी त्याच्यापुढे खीर करतात, पोरं वाघ-अस्वल होऊन उड्या मारतात. त्या दिवशी मूठभर नव्या लोंब्या त्याच्यापुढे ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्या भाताला विळा लावायचा. सुधारित भाताला ही अट नव्हती, ते कधीही कापा. घरच्याला होती. त्याच्या आधी कापायचं नाही, सडायचं नाही, विकायचं तर नाहीच.

आणि कंपनीचा टेम्पो त्याच्या बरोबर पंधरा दिवस आधी येणार होता.

मी डोक्याला हात लावला. "मावशी, हे आषाढात का नाही सांगितलं?"

"तुमी इच्यारलं कुटं? आन येवढं तर समद्यांना ठावं असतंय."

माझ्या वडिलांची लेक माझ्यात जागी झाली. मी म्हटलं, पुजाऱ्याला सांगून आधी करू या का? एकाच खाचरापुरतं? दंड म्हणून काही वाहू या का? मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. रागाने नाही. लहान मुलाने दिवाळी उद्याच करू म्हटल्यावर बघावं तशा. "वाघोबाला काय तारीख देतीस ताई," एवढंच म्हणाल्या.

मग मी दुसऱ्या बाजूला गेले. राजूरच्या माझ्या भाड्याच्या खोलीतून मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, ही किती सुंदर प्रथा आहे म्हणाल्या, खोक्यातल्या चिठ्ठीवर ती छापता येईल का असंही विचारलं. पण तारीख? दिवाळीची भेट दिवाळीनंतर कशी द्यायची, हे त्यांनी मला विचारलं. पाकीट आलं नाही तर त्या जागी काजूचा डबा जाईल, आणि वरचे लोक म्हणतील की ही वाडी अजून धंद्याला तयार नाही. "मग पुढच्या तीन वर्षांचं मी काहीच करू शकणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच उतरला होता. त्यांच्याही वर कोणीतरी वाघोबा बसलेला होता.

इकडे आड, तिकडे विहीर. मी वाडीत जाऊन बायकांना जसंच्या तसं सांगितलं. सुनेने मुलीच्या केसांत हात फिरवला आणि आत निघून गेली. मावशी म्हणाल्या, "शबुद दिलाय. बघू." मी म्हटलं, "बघा, काहीतरी करा." हे शब्द माझेच. ते कोणी माझ्या तोंडात घातले नव्हते.

आठ दिवसांनी निरोप आला, माल सडायला घेतलाय, या. मी पोचले तर ओसऱ्या-ओसऱ्यांतून मुसळांचे आवाज येत होते. खाचरं होती तशीच उभी होती, पिवळी. मला कळेना. मावशींच्या घरात गेले. आतल्या खोलीत, चुलीच्या वरच्या अंगाला, एक लहानशी कणगी असायची. बांबूची विणलेली, शेणाने लिंपून तोंड बंद केलेली. मी दोन वर्षं ती बघत होते, तिचं तोंड उघडलेलं कधी पाहिलं नव्हतं. आज ती आडवी पडलेली होती आणि लिंपणाचे पोपडे जमिनीवर विखुरले होते.

"हे कुठलं, मावशी?"

"जुनं हाय. नव्याला हात न्हाई लावला. वाघोबाचं बी ऱ्हायलं आन तुमच्या कंपनीचं बी."

"बियाचं?"

"व्हय. पेरून उरल्यालं. नवं घरात येस्तवर ठिवायचं असतंय."

अकरा घरांच्या अकरा कणग्या. खायचं भात तर भाद्रपदातच संपलेलं. उरलं होतं ते हे. ते मी ऐकलं आणि मला समजलं. आमच्या घरी आई ज्वारीचं बियाणं राखेत घालून मडक्यात ठेवायची. एका वर्षी धाकट्या भावाने लाह्यांसाठी त्यातली ओंजळभर काढली तेव्हा तिने त्याला उंबऱ्यापर्यंत मारत नेलं होतं. बी म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी तिथेच म्हणायला हवं होतं, मावशी, थांबा. दोन-चार पायल्या तरी मागे ठेवा. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं ते. पण दीडशे पाकिटांत दोन-चार पायल्यांचं अंतर पडलं असतं, आणि बाहेर पीक तर डोळ्यांसमोर उभं होतं, भरलेलं, पंधरा दिवसांवर. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मी पदर खोचला आणि निवडायला बसले.

टेम्पो वेळेवर आला. साहेबांनी तीन पाकिटं फोडून बघितली, एकही साल सापडली नाही. शाबासकी दिली. सुनेने त्या दिवशी मला विचारलं, "म्हंजी औंदा जायचं न्हाई ना नारायनगावला?" मी म्हटलं, "नाही जायचं." असं ठामपणे म्हणायचा मला काहीएक अधिकार नव्हता.

वाघबारसेला मी वाडीतच होते. खीर झाली, पोरं वाघ झाली, लोंब्या ठेवल्या. मावशींनी माझ्या कपाळाला शेंदराचं बोट लावलं आणि मी पुसलं नाही. संध्याकाळी डोंगरामागून ढग आले. परतीचा पाऊस गेला असं सगळे धरून चालले होते. तो गेला नव्हता. पाच दिवस पडला, उसंत न घेता. विजेचे खांब आडवे झाले, रस्ता खचला, मी राजूरला येऊन अडकले आणि खिडकीतून पागोळ्या बघत बसले. दिवाळीचे पाच दिवस मी तेवढंच केलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

रस्ता मोकळा झाल्यावर गेले. घरचं भात आडवं पडलं होतं, पाण्यात. न कापलेल्या लोंब्यांना हिरवे कोंब फुटले होते. मावशी बांधावर उभ्या होत्या. रडत नव्हत्या. एक लोंबी चुरून त्यांनी मला दाखवली. आत नुसता चिकट लगदा होता.

मी मॅडमना फोटो पाठवले. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी ताडपत्र्या नि किराणा पाठवायची व्यवस्था केली, आणि त्या ताडपत्र्या चांगल्या होत्या. पण फोनवर बोलता बोलता त्या एवढंच म्हणाल्या, "पंधरा दिवस आधी कापलं असतं तर वाचलं असतं ना?"

वाचलं असतं. हे खोटं कसं म्हणू? मी तोच प्रश्न मावशींना विचारला, जरा मऊ करून. माझ्या घरच्या वळणाला अनुसरून 'का' विचारलं. मावशी म्हणाल्या, "पाऊस काय आजचा हाय व्हय ताई? माझ्या देकत दोनदा न्हेलं त्यानं. म्हनून तर जुनं ठिवायचं. वाघोबा थांब म्हनतो, आन कनगी म्हनती, थांब, मी हाय."

एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या दोन रीती होत्या. त्यातली एक मी अंधश्रद्धा समजून पाडायला गेले, ती पडली नाही. दुसरी मला दिसलीच नव्हती, ती मी टेम्पोत भरून दिली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझ्या हातात काही नव्हतं. खोके गेले, गिऱ्हाइकांना तांदूळ आवडला. एक खोका मलाही आला, आभाराच्या चिठ्ठीसह. त्यावर मावशींचा हसरा फोटो. कंपनीने पुढच्या वर्षासाठी पाचशे पाकिटं मागितली. भात राहिलं नाही हे मी कळवलं, तर मॅडमची बदली होऊन त्यांच्या जागी आलेल्या साहेबांचं उत्तर आलं की आसपासचा कुठलाही काळपट तांदूळ चालेल. मी नाही म्हटलं. हे एक मी केलं. मग ती योजनाच दुसऱ्या जिल्ह्यात गेली, शेडचा विषय कोणी काढला नाही. या सगळ्याच्या आधीच, कार्तिकात, पिकअप आली होती. सून मुलीला घेऊन पुढच्या बाजूला बसली, आणि मी रस्त्याच्या कडेला उभी होते तरी तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वैशाख संपत आला तेव्हा एका दुपारी मावशी एसटीने राजूरला आल्या, थेट माझ्या खोलीवर. पाणी प्यायल्या आणि कमरेची चंची सोडून त्यातून ओल्या फडक्याची पुरचुंडी काढली. पडलेल्या पिकातून अकरा घरांनी जे काही वेचलं, चुलीवर वाळवलं, त्यातल्या या चार मुठी. त्यांनी ते भिजवून तीन दिवस उबेला ठेवलं होतं. पुरचुंडी उघडली. दाणे काळे पडले होते, आंबूस वास येत होता. कोंब एकालाही नव्हता. सोयऱ्यांच्या गावी फिरून आल्या होत्या, सगळीकडे दुकानातलं.

"तुमच्या त्या कंपनीत पाकिटं उरली असत्याल ना? कांडताना येखादा दाना सालीसकट ऱ्हातोच ताई, आन उगवतो त्यो तेवढाच. कितीबी निवडा. दहा-वीस दानं मिळालं तरी चार वर्सात खाचर भरंल."

मी पुण्याला फोन लावला. दुसरा नंबर दिला, त्यांनी तिसरा दिला. शेवटी एका भल्या माणसाने चौकशी करून सांगितलं, सगळी वाटली गेली. फोन ठेवला आणि माझं लक्ष फडताळाकडे गेलं. माझा खोका तसाच होता. मी तो शोभेला ठेवला होता, उघडायचं धाडस झालं नव्हतं.

पाकीट कापून मी मोठ्या परातीत ओतलं. दारातल्या उजेडात आम्ही दोघी बसलो, ती मध्ये घेऊन. मावशींनी चष्मा लावला, जो त्यांना आमच्याच शिबिरात मिळाला होता. आम्ही बोटांनी दाणा न् दाणा या कडेकडून त्या कडेला सरकवला. मग परत त्या कडेकडून या कडेला. तासभर गेला असेल.

एकही सापडला नाही.

"सुनंची निवड," मावशी म्हणाल्या. आवाजात चक्क कौतुक होतं. "तिच्या हातून सुटत न्हाई कायबी."

"निवडून काढलेले सालीचे दाणे कुठं टाकले होते, मावशी?"

"कोंबड्यांना."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, माझी चूक झाली, मला माहीत होतं, मी बोलले नाही. मावशींनी मला रडू दिलं. समजूत घातली नाही, दोषही दिला नाही. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि कोपऱ्यातला माझा गॅस बघितला. "तांदूळ ठिवून किडं करायचं का? शिजव. सकाळधरनं पोटात काय न्हाई."

मी भात लावला. पाणी किती घालायचं ते त्यांनी बोटाच्या पेराने सांगितलं. दहा मिनिटांत खोली वासाने भरून गेली. मावशी नीट मांडी घालून, मीठ लावून, सावकाश जेवत होत्या. शेजारच्या मास्तरीणबाई वासावरून दारात आल्या. म्हणाल्या, "अगं बाई, वास किती छान! कुठला तांदूळ हो हा? नाव काय?"

मावशींनी हातातला घास आधी खाल्ला.

"घरचा हाय," त्या म्हणाल्या.